पडद्यामागचं सांगितलं, तर पडद्यावर काय उरतं?

प्रश्न : जोतिबाच्या डोंगरावर, देवळाकडं जाणाऱ्या वाटेलगत आमचं गुलाल, नारळ, खोबरं आणि दवण्याचं दुकान आहे. 2020 साली टीव्हीवर ‘दख्खनचा राजा जोतिबा’ लागली तेव्हा माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती. देव एकदम प्रकट कसा झाला, एवढा मोठा असुर आणला कुठून, असं ती रोज विचारायची आणि आम्ही तिला गप्प बसवायचो. आता ती मोठी झालीय. परदेशातल्या एका अंतराळाच्या मालिकेचा कर्ता मालिका सुरू असतानाच संगणकावरून प्रेक्षकांशी बोलायचा, मालिका कशी करतो ते सांगायचा, असं तिनं वाचलंय. हे खरं आहे का? आपल्याकडं असं कुणी केलं का? आणि सगळं आधीच सांगून टाकलं तर बघण्यात मजा काय राहिली?
— एक वाचक, वाडी रत्नागिरी, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. त्या कर्त्याचं नाव जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की आणि मालिकेचं नाव ‘बॅबिलॉन 5’. फेब्रुवारी 1993 मध्ये तिचा चित्रपटाएवढा पहिला भाग अमेरिकेत दाखवला गेला आणि 1994 ते 1998 अशी पाच वर्षं ती चालली. स्ट्रॅझिन्स्की मात्र प्रेक्षकांशी बोलायला लागले ते 1991 पासूनच, पडद्यावर काहीही दिसायच्या आधी. आपल्याकडं तेव्हा घरी फोन यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबत होते. तिकडंही इंटरनेट आजच्यासारखं नव्हतं. टेलिफोनच्या तारेला संगणक जोडायचा, पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची. त्या अक्षरांतून लोक विचारायचे आणि मालिकेचा लेखक-निर्माता स्वतः उत्तर द्यायचा, तेही वर्षानुवर्षं.

हा माणूस रिकामा होता असं समजू नका. पाच वर्षांत मालिकेचे 110 भाग झाले, त्यांतले 92 त्यांनी एकट्यानं लिहिले. तिसरं आणि चौथं वर्ष तर पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत त्यांच्याच हातचं. गोष्ट कुठं सुरू होणार, मधे कशी वळणार आणि पाचव्या वर्षी कुठं थांबणार, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या काळी टीव्हीवरच्या बहुतेक मालिका एका भागात सुरू होऊन त्याच भागात संपायच्या, त्यामुळे सलग कादंबरीसारखी पाच वर्षांची गोष्ट ही नवी चाल होती. एवढं लेखन आणि निर्मिती सांभाळून ते उत्तरं देत, कारण त्यांना प्रेक्षक नुसता मोजायचा नव्हता, सोबत घ्यायचा होता.

लोक त्यांना काय विचारत? तुमची लेक विचारायची तेच. हे केलं कसं?

तर ऐका. लॉस एंजेलिसच्या सन व्हॅली भागात पूर्वी गरम पाण्याचे टब बनवायचा कारखाना होता. ती जागा घेऊन तिथंच सगळे सेट उभे केले. पैसा बेताचा होता. त्या काळी अंतराळयान दाखवायचं म्हणजे त्याची छोटी प्रतिकृती बनवायची, ती टांगून किंवा दांड्यावर बसवून कॅमेरा तिच्याभोवती फिरवायचा. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ. ‘बॅबिलॉन 5’ने ते जवळजवळ बाजूला ठेवलं आणि यानं थेट संगणकात घडवली. रॉन थॉर्नटन या कलाकाराच्या मंडळींनी ‘अमिगा’ नावाच्या घरगुती संगणकांवर हे काम सुरू केलं. आज तुमच्या मुलीच्या हातातल्या फोनपुढं ते संगणक अगदी दुबळे ठरतील. पण पहिल्याच भागाच्या दृश्यकरामतीला 1993चा एमी पुरस्कार मिळाला, आणि पुढं टीव्हीसाठी यानं संगणकात घडवणं हाच रिवाज झाला.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ‘स्टारफ्युरी’ हे छोटं लढाऊ यान. चित्रपटांतली बहुतेक अंतराळयानं विमानासारखी एका अंगावर कलून वळतात. दिसायला छान, पण खोटं. कोल्हापूरहून येणारी एसटी जोतिबाच्या घाटात वळते, कारण तिची चाकं रस्ता धरतात. विमान वळतं, कारण पंखांना हवेचा आधार असतो. अंतराळात रस्ता नाही आणि हवाही नाही, मग यान कशाला धरून वळणार? इंजिन बंद केलं तरी ते त्याच वेगानं, त्याच दिशेनं जात राहतं. म्हणून ‘स्टारफ्युरी’ पुढं जाताजाताच जागच्या जागी गर्रकन उलटं फिरतं आणि पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडतं. तोंड मागं, प्रवास पुढंच! थांबायचं असेल तर तोंड उलटं करून इंजिन चालू करायचं. शाळेत शिकवलेला न्यूटनचा पहिला नियम पडद्यावर इतका स्पष्ट क्वचितच दिसला असेल. आता हे यान असं का फिरतं ते कळल्यावर बघण्यातली मजा गेली का? उलट त्यानंतर दुसऱ्या एखाद्या चित्रपटात यान कलून वळलं की प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येतं. जाणता प्रेक्षक असाच तयार होतो.

स्ट्रॅझिन्स्की आणखी एक गोष्ट सांगत आणि ती आपल्या मालिकावाल्यांनी कान देऊन ऐकावी अशी आहे. अंतराळाची मालिका कमी खर्चात करता येते, पण संहिता बऱ्याच आधी हातात पाहिजे. पुढच्या कित्येक भागांची संहिता तयार असली की सेट बांधणाऱ्याला, कपडे शिवणाऱ्याला, रंगभूषा करणाऱ्याला आणि संगणकावर बसणाऱ्याला वेळ मिळतो. घाईत केलेलं काम महाग पडतं आणि वाईटही दिसतं.

आता आपल्या रोजच्या मालिकेचा हिशेब करून बघा. टीव्हीवर एका सेकंदाला 25 चित्रं पुढं सरकतात. 22 मिनिटांचा भाग म्हणजे 33,000 चित्रं. त्यात दोनच मिनिटं करामतीची धरली तरी 3,000 चित्रांवर संगणकात हात फिरवावा लागतो. ‘बॅबिलॉन 5’ला वर्षाला 22 भाग द्यायचे होते. आपल्याकडं तेवढे भाग महिन्याभरात लागतात. आधीच तयार ठेवलेल्या चार-सहा भागांची ‘बँक’ हाताशी असली तरी युनिटला हायसं वाटतं आणि संवाद कित्येकदा शूटिंगच्या सकाळी सेटवर पोचतात. मराठीत विज्ञानमालिका का होत नाहीत, असं कुणी विचारलं की मी आधी हा हिशेब मांडतो. कल्पनाशक्ती कमी पडते असं मला वाटत नाही, वेळ कमी पडतो. हिंदीत 1998 साली केतन मेहतांनी मिलिंद सोमणना घेऊन ‘कॅप्टन व्योम’ केली होती, पण ती वाट पुढं कुणी फारशी चालली नाही.

तुम्ही ज्या मालिकेचा उल्लेख केलात ती महेश कोठाऱ्यांच्या संस्थेची. कोठारे म्हणजे 1993च्या ‘झपाटलेला’चे दिग्दर्शक. त्यातला तात्या विंचू हा रामदास पाध्यांचा बोलका बाहुला आहे हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होतं आणि तरीही पोरं त्याला घाबरायची, आजही घाबरतात. जोतिबाची मालिका कोल्हापूरच्या चित्रनगरीत, म्हणजे तुमच्या डोंगरापासून तासाभराच्या वाटेवर चित्रित झाली. अशा पौराणिक मालिकांत असुर, आकाश, प्रकाश वगैरे येतात ते ‘क्रोमा’तून. नट हिरव्या किंवा निळ्या कापडासमोर काम करतो, मग संगणक तेवढाच रंग काढून टाकतो आणि त्या जागी हवं ते चित्र बसवतो. नटाच्या अंगावर हिरवा शेला असला तर तोही गायब होणार, म्हणून कपडे ठरवतानाच ते सांभाळावं लागतं.

आता तुमच्या दुकानातलाच माल घेऊ. क्रोमासमोर माणूस उभा करणं सोपं, गुलाल उधळणं अवघड. माणसाच्या अंगाला कड असते. इथं माणूस संपला आणि इथं कापड सुरू झालं हे संगणकाला कळतं. उधळलेल्या गुलालाला कड नसते. कुठं तो दाट असतो, कुठं इतका विरळ की त्यातून मागचं कापड दिसतं. गुलाबी आणि हिरवं असं एकत्र दिसलं की संगणक गोंधळतो. सगळा हिरवा काढावा तर गुलालही फाटतो, ठेवावा तर मळकट राखाडी झाक राहते. यावर एक जुना उपाय आहे. गुलाल वेगळा, काळ्या पडद्यासमोर, एका बाजूनं उजेड टाकून उडवायचा आणि ते चित्र नंतर मूळ दृश्यावर चढवायचं. काळा भाग आपोआप नाहीसा होतो, उजळ धूळ तेवढी राहते. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचताना अख्खा डोंगर गुलाबी होतो, तो देखावा संगणकात जसाच्या तसा उभा करायचा म्हटलं तर भल्याभल्यांची परीक्षा आहे. तुमच्या लेकीला हे सांगा. पुढच्या यात्रेला गुलाल उडाला की त्यातून पलीकडचं देऊळ कुठं दिसतं आणि कुठं दिसत नाही, हे ती स्वतः बघेल.

दुसरा प्रश्न : आपल्याकडं असं कुणी केलं का? केलं, आणि अगदी पहिल्या माणसानं केलं. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. त्याच्याही आधी, पैसे घालणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून, कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी तो थोडाथोडा करून चित्रित केला आणि रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवलं. पुढं 1917 मध्ये चित्रपट कसा तयार करतात यावरच त्यांनी एक छोटा चित्रपट काढला. त्यात फाळके स्वतः कामाला लागलेले दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून त्यांनी वाचकांना आपला सगळा खटाटोप उलगडून सांगितला.

यातलं सगळ्यात धीट काम 1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आहे. बाळकृष्णाचं काम केलंय फाळक्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. चित्रपटाच्या सुरुवातीला ती आपल्या साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर येते आणि निरनिराळे हावभाव करून दाखवते. मग त्याच मुलीच्या जागी कृष्णाच्या वेशातली मूर्ती उमटते आणि गोष्ट सुरू होते. ही माझी पोर आहे, ती आता कृष्ण होणार आहे, असं फाळके प्रेक्षकाला आधीच सांगून मोकळे होतात. त्यानंतर ती यमुनेत उडी घेते, नागाच्या फण्यावर नाचते आणि आपण ते श्वास रोखून बघतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. मला त्याहून चांगलं देता येणार नाही.

तुमच्या कोल्हापुरात तर ही करामत घरातलीच. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बाहेरून विकत न आणता स्वतः घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 1920च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. प्रेक्षक हादरले आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रेक्षक ‘हे केलं कसं’ म्हणून चर्चा करत बसले असतील, असं मला कोल्हापूरकरांच्या स्वभावावरून वाटतं.

विज्ञानकथेचं म्हणाल तर नाव एकच घ्यावं लागतं आणि तेही कोल्हापूरचंच. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं आणि पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढं ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तकं आली आणि मराठी विज्ञानकथेला वाचक मिळाला. दूरदर्शनवर ‘ब्रह्मांड’ ही विज्ञानमालिकाही त्यांनी केली.

पण तुमच्या प्रश्नाशी ज्याचं नातं आहे ते त्यांचं एक साधं काम. व्याख्यान संपलं की मुलं वह्या घेऊन सहीसाठी गर्दी करत. नारळीकर त्यांना सांगत, तुमचा विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर लिहून त्याखाली सही करीन. आणि ते तसं खरोखर करत. ‘आयुका’सारखी खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांत वावरणारा माणूस कुठल्याशा गावच्या सातवीतल्या पोराला पोस्टकार्ड लिहीत बसे. स्ट्रॅझिन्स्कींच्या हाती टेलिफोनची तार होती, नारळीकरांच्या हाती पोस्टकार्ड. माझ्या लेखी दुसरं काम वरचढ आहे, कारण त्यात सही मागणाऱ्याला आधी विचार करायला लावलं आहे. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. त्यांच्या हातची ती कार्डं महाराष्ट्रात किती घरांत जपून ठेवलेली असतील!

आता तिसऱ्या प्रश्नाची उरलेली बाजू. सगळं सांगावं का? नाही. कसं केलं ते सांगावं, पुढं काय होणार ते सांगू नये. स्ट्रॅझिन्स्कींनी ही रेघ कसोशीनं सांभाळली. ते आणखी एक पथ्य पाळत. प्रेक्षकांनी सुचवलेली कथाकल्पना वाचायची नाही. कारण उघड आहे. उद्या तशीच गोष्ट मालिकेत आली तर ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून कोर्टकचेरी व्हायची. एकदा तशी वेळ आलीच. तिसऱ्या वर्षातल्या एका भागाची कल्पना त्यांच्या मनात तयार होती, आणि नेमकी तिच्याशी जुळणारी कल्पना एका चाहत्यानं सर्वांसमोर लिहून टाकली. स्ट्रॅझिन्स्कींनी आपला भाग तिथंच बाजूला ठेवला. शेवटी त्या चाहत्यानं आपला यावर काही हक्क नाही असं रीतसर लिहून दिलं, तेव्हा कुठं तो भाग चित्रित झाला. पुढं प्रेक्षकांशी बोलण्याची जागाच अशी करून घेतली की कथाकल्पना आधी कुणीतरी गाळून मगच मजकूर त्यांच्यापर्यंत यावा.

आणि एक गोष्ट त्यांनी वीसेक वर्षं सांगितली नाही. पहिल्या वर्षीचे नायक मायकेल ओहेअर दुसऱ्या वर्षी नायक म्हणून राहिले नाहीत. लोकांनी हजार तर्क केले. भांडण झालं, पैशावरून बिनसलं, वाहिनीनं काढलं, वाटेल ते. खरं कारण असं की ओहेअर गंभीर मानसिक आजारानं त्रासले होते. उपचारांसाठी मालिका थांबवायची तयारी स्ट्रॅझिन्स्कींनी दाखवली होती, पण आपल्यामुळे बाकीच्यांचं काम जाऊ नये म्हणून ओहेअरनी पहिलं वर्ष कसंबसं पूर्ण केलं. ही गोष्ट मरेपर्यंत मनात ठेवीन, असं स्ट्रॅझिन्स्कींनी वचन दिलं. ओहेअर म्हणाले, तुझ्या नको, माझ्या मरणापर्यंत ठेव, नंतर लोकांना सांग, कुणाला तरी उपयोग होईल. 2012 मध्ये ओहेअर गेले आणि 2013 मध्ये स्ट्रॅझिन्स्कींनी हे जाहीरपणे सांगितलं. रोज प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस एवढे टोमणे ऐकून त्या एका प्रश्नावर गप्प राहिला. त्यांच्या सगळ्या उत्तरांपेक्षा हे गप्प राहणं मला मोठं वाटतं.

तुमच्या डोंगरावरच्या लोकांनाही प्रेक्षक म्हणून बोलायचा अनुभव आहेच. जोतिबाची मालिका सुरू झाल्यावर कथानक जोतिबाची कथा सांगणाऱ्या ‘केदारविजय’ ग्रंथाला धरून नाही, असा आक्षेप जोतिबावरूनच घेतला गेला होता. ज्यांचा देव, त्यांना विचारायचा हक्क आहे आणि करणाऱ्यानं उत्तर द्यायला हवं. मात्र एरवी आपल्याकडं निर्माता आणि प्रेक्षक समोरासमोर येतात ते अशा तक्रारीच्याच वेळी. कौतुकानं, कुतूहलानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणी नसतं. वाहिन्या नटांना सणाच्या शुभेच्छा द्यायला लावतात, पण क्रोमाचा पडदा कसा काम करतो हे सांगायला छायाचित्रकाराला कुणी पुढं करत नाही.

म्हणून तुमच्या मुलीला दोन गोष्टी सांगा. मालिकेच्या किंवा पुस्तकाच्या कर्त्याला जरूर लिहावं, मात्र ‘पुढं काय होणार’ हे विचारू नये आणि स्वतःची गोष्ट त्या पत्रात घालू नये. गोष्ट सुचली असेल तर ती स्वतः पूर्ण लिहावी आणि स्पर्धेला पाठवावी. पत्रात एकच नेमका प्रश्न असावा, असुराची सावली जमिनीवर का पडली नाही, इतका नेमका. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचा मोह चांगल्या कारागिराला आवरत नाही.

आणि कोल्हापुरात शूटिंग करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. जोतिबा, पन्हाळा, करवीर भागातल्या शाळांची मुलं वर्षातून एक दिवस चित्रनगरीत बोलवा, त्यांना हिरव्या कापडासमोर उभं करा आणि ते कापड पडद्यावरून कसं जातं ते दाखवा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी हातानं कॅमेरा घडवला, तिथल्या पोरांचा हा हक्क आहे.